केमो चालू असताना न्यूमोनिया: फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णासाठी घरच्यांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

संध्याकाळी रुग्णाचं अंग तापल्यासारखं लागतं. घरातलं कुणीतरी पॅरासिटामॉलची गोळी देतं, घाम येऊन ताप उतरतो आणि सगळे झोपतात. पहाटे पुन्हा ताप, पुन्हा गोळी. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दवाखान्यात एक इंजेक्शन, मग सलाईन. एप्रिल-मे असेल तर 'ऊन लागलं', थंडी असेल तर 'सर्दी झाली'. कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन जातो तिसऱ्या दिवशी, धाप लागल्यावर. सोलापूर शहरात आणि तालुक्यांच्या गावांत ही चूक पुन्हा पुन्हा होते, आणि ती निष्काळजीपणामुळे होत नाही. इतर माणसाच्या तापाला हाच क्रम चालतो, म्हणून तो इथेही वापरला जातो.

केमो चालू असलेल्या माणसाला तो चालत नाही. इथे आधी थर्मामीटर, मग फोन, मग गाडी. गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये न्यूमोनियाचा, म्हणजे फुप्फुसातल्या जंतुसंसर्गाचा, धोका दुहेरी असतो. गाठ श्वासनलिकेची एखादी फांदी दाबते, तिच्या पलीकडे कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात. त्याच वेळी केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यातही जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी, खाली येतात. बिडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुस आधीच झिजलेलं असेल तर त्यात आणखी भर पडते.

## टप्पा १: पहिल्या केमोच्या आधी

केमोची तारीख मिळाली की मधल्या दिवसांत पुढची कामं उरका.

लसी. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या एका नेहमीच्या जंतूविरुद्धची) आणि फ्लूची लस केमोच्या किमान दोन आठवडे आधी घेतलेली चांगली, कारण केमोनंतर शरीर लसीला कमी प्रतिसाद देतं. तेवढा वेळ नसेल तर लसीसाठी केमो पुढे ढकलू नका. ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. फ्लूची लस घरातल्या सगळ्यांनी घ्यावी. नाकात फवारायची फ्लूची लस जिवंत विषाणूची असते, ती रुग्णाला द्यायची नाही. कांजण्या, गोवर यांच्या लसीही जिवंत विषाणूच्या असतात, त्याही नाहीत.

दात. किडलेला दात किंवा सुजलेली हिरडी म्हणजे जंतूंचा साठा. झोपेत तोंडातली लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते आणि तिच्याबरोबर हे जंतूही. दात काढायचा असेल तर केमोआधी काढा आणि जखम भरायला वेळ द्या. केमो सुरू झाल्यावर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाताला हात लावू देऊ नका.

फोलिक ॲसिड आणि बी-१२. पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध ठरलं असेल तर फोलिक ॲसिडची गोळी पहिल्या केमोच्या साधारण आठवडाभर आधी सुरू होते आणि शेवटच्या केमोनंतर २१ दिवस चालू राहते. बी-१२ चं इंजेक्शनही आधीच्या आठवड्यात असतं आणि पुढे दर तीन सायकलला (एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतचा काळ म्हणजे एक सायकल). 'ही तर नुसती ताकदीची गोळी' म्हणून ती मध्येच बंद केली जाते. ती ताकदीसाठी नसते. ती चुकली की पांढऱ्या पेशी जास्त पडतात.

टीबी. घरात किंवा शेजारी कुणाला टीबी झाला असेल, रुग्णाला पूर्वी झाला असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर ते आपणहून सांगा. केमोत झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, आणि एक्स-रेवर तो न्यूमोनियासारखा दिसू शकतो.

तंबाखू. बिडी, सिगारेट, मिश्री, मळलेली तंबाखू सगळं बंद. 'आता कॅन्सर झालाच, सोडून काय उपयोग' हे ऐकू येतं. उपयोग आहे: धूर थांबला की श्वासनलिकेतला कफ बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस पुन्हा काम करू लागतात. पहिले काही आठवडे कफ जास्त पडतो, त्याला घाबरू नका. मिश्रीमुळे हिरड्या सोलवटतात आणि केमोत त्याच जागी व्रण होतात.

पिशवी. डिस्चार्ज कार्ड, केमोच्या औषधांची यादी, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, सीटी स्कॅनची सीडी, आधार आणि रेशनकार्ड, सध्याच्या गोळ्या. सगळं एकाच पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर तिची कागदपत्रंही त्यात.

> तपासा: रात्री अकरा वाजता कोणत्या नंबरला फोन करायचा आणि कोणत्या दवाखान्यात जायचं, हे दोन्ही भिंतीवर लिहिलेलं आहे का? करमाळा, सांगोला, माळशिरस या बाजूच्या घरांनी हे नक्की विचारून ठेवा. सोलापूर किंवा बार्शी गाठायला वेळ लागणार असेल, तर वाटेतल्या कोणत्या दवाखान्यात अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळेल, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या.

## टप्पा २: दिवस मोजा

फुप्फुसाच्या कॅन्सरची केमो बहुधा २१ दिवसांच्या चक्राने चालते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर केमोच्या तारखेला '१' लिहा आणि पुढचे आकडे भरा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. त्या चौकटी लाल करा. कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधात हा तळ आणखी उशिरा येऊ शकतो, म्हणून 'पंधरा दिवस झाले, आता मोकळे' असं धरू नका. पुढची केमो होईपर्यंतचा प्रत्येक ताप मोजायचाच.

लाल चौकटींत लग्न, जागरण, बारसं नाही. जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा, आषाढीतलं पंढरपूर हेही नाही. घरच्यांना हे सांगणं जड जातं, पण गर्दी आणि धूळ एकत्र असतात तिथे रुग्णाला नेऊ नये.

डॉक्टरांनी मधला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) लिहून दिला असेल तर तो चुकवू नका, आणि रिपोर्टमधला फक्त टोटल काउंट, म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, पाहू नका. हिशोब असा:

टोटल काउंट × न्यूट्रोफिलची टक्केवारी ÷ १०० = न्यूट्रोफिलचा खरा आकडा

टोटल काउंट २,४०० आणि न्यूट्रोफिल २५ टक्के, म्हणजे खरा आकडा ६००. साधारण १,५०० च्या वर तो ठीक. १,००० च्या खाली आला की जपायचं. ५०० च्या खाली आला की धोका मोठा. रिपोर्ट हातात पडताच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

पेशी वाढवणारं इंजेक्शन दिलं असेल तर त्याची वेळ पाळा. पेगफिलग्रास्टिम केमो संपल्यावर २४ तास उलटल्यानंतर एकदाच देतात. साधं फिलग्रास्टिम सांगितलेले दिवस रोज. दोन दिवस झाले, बरं वाटतंय म्हणून रोजचं इंजेक्शन बंद करायचं नाही. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना मेडिकलमधून ते नुसत्या पिशवीत आणू नका. थर्मासमध्ये किंवा थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसोबत आणा, पण बर्फाला चिकटवून नाही, कारण गोठलेलं औषधही चालत नाही. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा.

## टप्पा ३: रोजची चार मोजमापं

डिजिटल थर्मामीटर, ऑक्सिमीटर, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि एक वही. सकाळी आणि संध्याकाळी, आणि अंग गरम लागेल, थंडी वाजेल किंवा मलूल वाटेल तेव्हा केव्हाही.

ताप. जिभेखाली मोजा. चहा किंवा गार पाणी घेतल्यानंतर २० मिनिटं थांबा. तोंडात व्रण असतील तर काखेत, पण आधी घाम पुसा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो, म्हणून काखेत १०० फॅरनहाइट आला तरी फोन करायचा. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही; तिथली बारीकशी जखमही केमोत जंतूंना वाट करून देते. एनिमाही याच कारणाने नाही. हात कपाळाला लावून ताप ठरवणं सोडा.

श्वास. रुग्ण शांत बसलेला असताना, त्याला न सांगता, छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. १२ ते २० नेहमीचं. २४ च्या पुढे गेला तर फोन. ३० झाला तर थेट दवाखाना. चारही मोजमापांत हे घरी सर्वांत कमी केलं जातं, पण न्यूमोनियाची चाहूल बरेचदा याच्यातूनच आधी लागते.

ऑक्सिजन. बोट गरम हवं, नेलपॉलिश काढलेलं, मेंदी नसलेलं. क्लिप लावून आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. पहिल्या केमोआधी तीन दिवस मोजून रुग्णाचा नेहमीचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दम्याच्या किंवा जुन्या धूम्रपानाच्या रुग्णाचा तो मुळातच ९३ असू शकतो. नेहमीपेक्षा तीन-चारने खाली आला तर फोन. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर ९० च्या खाली थेट दवाखाना.

वागणं. बोलताना धागा सुटणं, दिवसभर झोपणं, जेवणाकडे पाठ, लघवी कमी. साठी-सत्तरीच्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असं नाही. आजोबा अचानक गोंधळल्यासारखे बोलायला लागले तर वयाच्या नावावर घालू नका.

> सावधान: काही गोळ्या ताप झाकतात. अंगदुखीसाठी दिलेल्या ट्रॅमाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. पाकिटामागचा मजकूर वाचा. केमोच्या आसपास दिलेलं डेक्सामिथासोन किंवा दुसरं स्टेरॉइडही ताप दाबतं. अशी गोळी घेण्याआधी प्रत्येक वेळी थर्मामीटर लावा आणि आकडा लिहा.

## टप्पा ४: घर

इथे लोक नको तिथे दमतात. फिनेलने घर दहा वेळा पुसतात आणि कूलर तसाच ठेवतात.

कूलर. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो घरोघरी असतो. महिनाभर न बदललेलं पाणी आणि कुजलेली वाळ्याची किंवा गवताची ताटी यांत बुरशी आणि जंतू वाढतात, आणि पंखा ते खोलीभर फेकतो. रुग्णाच्या खोलीत साधा पंखा बरा. कूलर लावायचाच असेल तर टाकी रोज रिकामी करून पुसून वाळवा, हंगामाच्या सुरुवातीला ताटी नवी बसवा, आणि हे काम रुग्णाने करायचं नाही.

धूळ आणि बुरशी. ज्वारीची मळणी, कडब्याची गंजी, कणगी साफ करणं, धान्य पाखडणं, शेणखत उकरणं, जुनी भिंत पाडणं, कबुतरांची घाण झाडणं: या सगळ्यांत ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे बीजाणू उडू शकतात. निरोगी फुप्फुस ते बाहेर टाकतं, न्यूट्रोफिल नसलेलं टाकू शकत नाही. यंत्रमागाच्या खोलीतला कापसाचा तुसा आणि घरी विड्या वळताना उडणारी तंबाखूची धूळही रुग्णापासून लांब ठेवा. जागा एकच असेल तर निदान कामाच्या वेळी रुग्णाला दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी बसवा. घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती बंद, मच्छरदाणी लावा.

पाणी. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून साठवावं लागतं. पिण्याचं पाणी उकळून, झाकून, तोटीच्या भांड्यात ठेवा म्हणजे हात बुडत नाहीत. नेब्युलायझर किंवा ऑक्सिजनच्या बाटलीत टाकीचं पाणी घालू नका. नेब्युलायझरचा कप प्रत्येक वापरानंतर साबणाने धुऊन, उकळलेल्या पाण्याने विसळून, उपडा वाळत घाला.

भेटीला येणारे. आजारी माणसाला भेटायला न जाणं आपल्याकडे वाईट दिसतं, म्हणून सर्दी झालेला माणूसही येऊन जातो. दारावरच कागद लावा: 'खोकला-सर्दी असेल तर फोनवर बोलू.' हात साबणाने २० सेकंद धुतल्याशिवाय कुणी खोलीत यायचं नाही. घरातल्या शाळकरी पोराला सर्दी झाली तर ते चार-पाच दिवस दुसरीकडे झोपू दे.

## टप्पा ५: तोंड, घास आणि श्वास

तोंड. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. दिवसातून चार ते सहा वेळा खळखळून चूळ भरा. पाणी रोज नवं करा. मऊ ब्रश दिवसातून दोनदा. कवळी रात्री काढून धुऊन ठेवा.

घास. रुग्णाचा आवाज बसला आहे का? डाव्या बाजूची गाठ स्वरयंत्राच्या नसेला दाबू शकते. मग गिळताना श्वासनलिका नीट बंद होत नाही आणि पाणी, चहा, ताक सरळ फुप्फुसात उतरतं. खूण सोपी: पाणी पिताना किंवा पिऊन झाल्यावर लगेच खोकला येतो, किंवा आवाज ओलसर होतो. डॉक्टरांना सांगा. तोपर्यंत पातळ द्रव टाळून पेजेसारखं दाटसर द्या, छोटे घोट, हनुवटी किंचित छातीकडे. कडक भाकरीचा चुरा आणि कोरडी शेंगाचटणी अशा घशाला फार वाईट. भाकरी दाट आमटीत पूर्ण भिजवून द्या आणि चटणी त्याच आमटीत कालवून.

सगळ्याच रुग्णांसाठी: जेवण ताठ बसून, आणि त्यानंतर ४५ मिनिटं आडवं पडायचं नाही. झोपलेल्या माणसाला चमच्याने भरवायचं नाही, कितीही माया असली तरी.

श्वास. तीन चेंडूंचा स्पायरोमीटर (फुप्फुसाच्या व्यायामाचं साधन) बहुतेक घरांत आणला जातो आणि त्यातल्या कित्येक घरांत त्यात फुंकर मारली जाते. ते उलटं आहे. आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, मग हळूहळू आत ओढा. चेंडू दोन-तीन सेकंद वर राहिला पाहिजे. तिन्ही चेंडू झटक्यात उडवण्यापेक्षा एकच चेंडू टिकवून धरणं जास्त उपयोगाचं. जागेपणी तासाला दहा वेळा, मग दोनदा जोराने खोकून कफ बाहेर. चक्कर आली तर थांबा. खोकल्यातून रक्त पडत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

दिवसभर खाटेवर ठेवू नका. दर दोन तासांनी खोलीतल्या खोलीत चालवा. कफ येत असताना खोकला थांबवणारं औषध मनाने देऊ नका. कफ आतच राहतो.

## टप्पा ६: ताप आला, पहिला तास

आकडे पाठ करा: १०१ फॅरनहाइट एकदा, किंवा १००.४ तासभर टिकलेला. पण घरी तो तास मोजत बसायचं नाही. तोंडात १००.४ दिसला की पुढचा क्रम लगेच सुरू.

१. वेळ आणि आकडा वहीत लिहा. ऑक्सिजन आणि श्वास मोजून लिहा. दोन मिनिटांचं काम.

२. भिंतीवरच्या नंबरला फोन. वाक्य हेच: 'फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट, केमो अमुक तारखेला झाली, आज अमुकावा दिवस, ताप इतका, ऑक्सिजन इतका.' फोन उचलला नाही तर दुसरा प्रयत्न गाडीतून करा.

३. पिशवी उचला आणि निघा. धाप असेल, ओठ निळसर असतील, शुद्ध हरपत असेल, खोकल्यातून ताजं रक्त येत असेल तर १०८ ला फोन.

४. कॅज्युअल्टीत केसपेपरच्या रांगेत गप्प उभं राहू नका. तेच वाक्य पुन्हा मोठ्याने सांगा. न्यूट्रोफिल पडलेले असताना आलेल्या तापात अँटिबायोटिकचा पहिला डोस पोचल्यापासून तासाभरात शिरेतून जायला हवा.

या तासात करायचं नाही ते असं. पॅरासिटामॉल नाही, कारण ताप उतरतो आणि जंतू वाढत राहतात. मागच्या वेळचं उरलेलं ॲझिथ्रोमायसिन नाही. अर्धवट डोसाने जंतू मरत नाहीत आणि दवाखान्यात रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, सापडतही नाहीत. दंडावर किंवा कमरेत इंजेक्शन नाही, कारण केमोत प्लेटलेटही (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असू शकतात आणि टोचलेल्या जागी आत रक्त साकळतं. काढा आणि गरम पाण्याची वाफ यांत वेळ घालवायचा नाही. आणि सकाळची वाट बघायची नाही.

> तपासा: 'कफ नाही, छातीत दुखत नाही, मग न्यूमोनिया कसला?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. पू आणि कफ बराचसा न्यूट्रोफिलमुळेच तयार होतो. त्या पेशीच नसतील तर न्यूमोनिया असूनही खोकला कोरडा राहतो आणि पहिला एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. म्हणून 'एक्स-रे क्लिअर आहे' एवढ्यावर घरी परतू नका. न्यूट्रोफिलचा आकडा विचारा.

## टप्पा ७: दवाखान्यात आणि घरी परतल्यावर

अँटिबायोटिक चढण्याआधी कल्चरसाठी रक्त घेतलं गेलं का, एवढं नम्रपणे विचारा. पण कल्चरच्या रिपोर्टसाठी औषध थांबवायचं नसतं.

ताप दोन-तीन दिवसांत हटला नाही, किंवा न्यूमोनिया पुन्हा त्याच जागी आला, तर दुसऱ्या कारणांचा विचार लागतो: गाठीने बंद केलेली नळी, बुरशी, टीबी, फुप्फुसातल्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी. रेडिएशन झालं असेल तर त्याने येणारी फुप्फुसाची सूज एक ते सहा महिन्यांनी न्यूमोनियासारखीच दिसते. इम्युनोथेरपीतही (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध वापरणाऱ्या उपचारातही) तशी सूज येऊ शकते. तिच्यावर उपचार स्टेरॉइडचे असतात, नुसत्या अँटिबायोटिकने ती हटत नाही. म्हणूनच जुन्या सीटीची सीडी पिशवीत हवी: नवा डाग कोणता आणि जुनी गाठ कोणती, हे त्याशिवाय नीट कळत नाही.

घरी सोडताना तीन गोष्टी लिहून घ्या: अँटिबायोटिक कोणत्या तारखेपर्यंत, पुढचा सीबीसी कधी, आणि पुढच्या केमोत डोस कमी करायचा की पेशी वाढवणारं इंजेक्शन द्यायचं. एकदा असा ताप येऊन गेला की पुढच्या सायकलमध्येही तो येण्याची शक्यता वाढते, त्यामुळे तिसरा प्रश्न सोडू नका. अँटिबायोटिकचा कोर्स शेवटच्या गोळीपर्यंत घ्या. पिशवी नवीन कागदांसह पुन्हा खुंटीला लावा, आणि कॅलेंडरवर नवा '१' पडला की लाल चौकटी परत भरा.